रांजणातल्या खड्याचं घर

पुण्यात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत.

माहेर सातारा जिल्ह्यातलं. २०१८ च्या पावसाळ्यात बांधावरून भांडण पेटलं आणि शेजारच्या घरातल्या २४ वर्षांच्या मुलानं ताईंच्या धाकट्या भावाच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला. भाऊ तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. कोर्टानं सदोष मनुष्यवधाखाली १० वर्षं सक्तमजुरी दिली. आता तो वर्षभरात सुटेल. कारागृहात भजनाला जाणाऱ्या एका कीर्तनकारांनी गेल्या महिन्यात त्याचं पत्र घरी आणून दिलं. त्यातल्या दोन ओळी ताईंनी उतरवून पाठवल्यात: ‘माझ्या हातून जे घडलं त्याची शिक्षा मी भोगतोय. आता तुम्ही पदरात घ्यावं.’

वडील ७४ वर्षांचे, जुने वारकरी. ते म्हणतात, ‘यंदा वारीला निघायच्या आधी त्याला भेटून येतो, मनातलं काढून टाकतो.’ पत्र त्यांनी देव्हाऱ्यात, विठ्ठलाच्या तसबिरीमागं ठेवलंय. आई काही बोलत नाही. वहिनी अंगणवाडीत मदतनीस आहेत, मुलगा चौथीत. त्या एवढंच म्हणाल्या, ‘मामा तिकडं जाणार असतील तर मी माहेरी जाते’, आणि संध्याकाळचा दिवा लावायला आत गेल्या. त्यात गावच्या सप्ताहाच्या मंडळींनी टूम काढलीय: काल्याच्या कीर्तनात दोन्ही घरांनी सगळ्यांसमोर एकमेकांच्या पाया पडावं, म्हणजे वैर संपेल.

ताई लिहितात: ‘माझ्याही गळ्यात माळ आहे. हरिपाठ चुकवत नाही. पण त्याचं नाव निघालं की अंगाची लाही होते. बाबा एवढे मोठ्या मनाचे झाले आणि मी एवढी कोती राहिले का? क्षमा जमत नसेल तर ही माळ कशाला? बाबांना अडवू की त्यांच्यासोबत जाऊ?’

ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर मला आधी वाल्हे आठवलं. जेजुरी सोडली की माउलींच्या पालखीचा मुक्काम तिथं असतो. करोनाची दोन वर्षं वगळली तर तुमचे बाबा दर वारीत तिथं उतरले असणार. वाल्या तिथलाच, असं तिथले लोक सांगतात. गोष्ट तुम्हाला पाठ असेल. वाटसरू मारला की एक खडा रांजणात. असे सात रांजण भरले. मग नारद भेटले, बायकापोरांनी पापात वाटा घ्यायला नकार दिला, ‘मरा मरा’चं ‘राम राम’ झालं आणि वाल्याचा वाल्मीकी झाला.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. त्यातली एक जागा मात्र मला फार उशिरा खटकली, आणि त्यासाठी तुरुंगात जावं लागलं. (घाबरू नका. आठवड्यातून एकदा कैद्यांना लिहाय-वाचायला शिकवायला जायचे, चौदा वर्षं गेले.) त्या सात रांजणांतल्या एकेका खड्यामागं एक घर होतं. त्या रात्री त्या घरात कुणीतरी भाकरी झाकून वाट बघत बसलं असेल. त्या घरांचं पुढं काय झालं? वाल्याचा वाल्मीकी झाल्याचं त्यांना कुणी कळवलं का? कळल्यावर त्यांना काय वाटलं? आपल्या गोष्टीत हे कुठंच येत नाही.

तुम्ही मला त्या खड्याच्या घरून पत्र लिहिलंय. म्हणून वाल्याचं पुढं काय होणार हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. त्याच्याकडं येईनच.

आधी माळेचं. हरिपाठ झाल्यावर तुम्ही पसायदान म्हणतच असाल. ‘जे खळांची व्यंकटी सांडो, तया सत्कर्मी रती वाढो.’ खळ नाहीसा होवो असं माउली म्हणत नाहीत, त्याचा वाकडेपणा जावो म्हणतात. कारागृह सुधारणेवर यापेक्षा नेमकं वाक्य मला अजून कुठल्या सरकारी अहवालात सापडलेलं नाही. पण हे मागणं आहे कुणाकडं? विश्वात्मक देवाकडं. ज्या घरात घाव बसला त्या घरानं उठून त्याचा वाकडेपणा सरळ करायला जावं, असं त्यात कुठं आहे? तुम्हाला हे पसायदान मनापासून म्हणता येत असेल, म्हणजे तो माणूस सुधारावा, पुन्हा कुणाच्या डोक्यात त्यानं काही घालू नये, एवढं वाटत असेल, तर माळेचं काम झालं. त्याचं नाव निघाल्यावर लाही होणं वेगळं. तुकोबांनी नाठाळाच्या माथी काठी हाणायची भाषा केली, त्यांच्या माळेवर कुणी शंका घेतल्याचं ऐकिवात नाही.

आणि बाबा मोठे, तुम्ही कोत्या, ही तुलना सोडा. माणसामाणसाचा वेळ वेगळा असतो. ओडिशातल्या मनोहरपूर गावात जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांची दोन लहान मुलं, एक दहा वर्षांचा, एक सहा वर्षांचा, झोपेत असताना गाडीसकट जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी लगोलग सांगितलं, माझ्या मनात द्वेष नाही, मी क्षमा केलीय. आता दुसरं घर बघा. सिस्टर राणी मारिया या ख्रिस्ती जोगिणीला २५ फेब्रुवारी १९९५ ला मध्य प्रदेशात बसप्रवासात भोसकून मारलं. त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टर, मारेकऱ्याला राखी बांधायला तुरुंगात गेली ती २००२ मध्ये. म्हणजे सात वर्षांनी. दोघीही एकाच येशूला मानणाऱ्या, दोघींचा धर्म क्षमेवरच उभा. एकीला वेळ लागला नाही, दुसरीला तिथवर पोचायला सात वर्षं. कुणाची श्रद्धा कमी होती असं मी तरी म्हणणार नाही.

दुसरंही एक लक्षात घ्या. ग्लॅडिसबाईंनी क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला आधी फाशीची शिक्षा झाली, मग उच्च न्यायालयात तिची जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. चंबळचंही तेच. विनोबांच्या पायाशी १९६० मध्ये २० बागींनी, म्हणजे डाकूंनी, बंदुका ठेवल्या, तेव्हा विनोबांनी त्यांना ‘सुटका करतो’ असं सांगितलं नव्हतं. ते लोक कोर्टात उभे राहिले, शिक्षा भोगल्या. आपण मात्र ‘क्षमा’ आणि ‘मिटवून टाकणं’ या दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो.

तुरुंगात ‘माफी’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. चांगली वागणूक ठेवली, नेमून दिलेलं काम केलं की शिक्षेतले दिवस कमी होतात, त्याला माफी म्हणतात. कैदी बोटांवर मोजतात: एवढे दिवस माफी लागली, एवढे राहिले. ती माफी सरकार देतं आणि ती मिळवायला तुमच्या घराची परवानगी लागत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या बाबांना किंवा त्या मुलाच्या आईला वाटत असेल की तुमच्या ‘माफ केलं’वर त्याचं सुटणं अवलंबून आहे. तसं नाही. शिक्षा पुरी झाली की तो सुटेल, तुम्ही रागावलेल्या असा किंवा नसा.

आता मला सगळ्यात जास्त जिथं थांबायचंय तिथं येते. बाबा म्हणतात, ‘मनातलं काढून टाकतो.’ काढावं, त्यांचा मुलगा गेलाय. मुलाच्या बापाची क्षमा ते देऊ शकतात. पण तुमच्या वहिनींच्या नवऱ्याची, तुमच्या भाच्याच्या बापाची क्षमा द्यायचा अधिकार बाबांना कुणी दिला? वाल्याला घरच्यांनी सांगितलं होतं, पापात आम्ही वाटेकरी नाही. मग क्षमेत एकानं सगळ्यांचा वाटा परस्पर उचलून कसा चालेल?

तुमच्या पत्रात वहिनींना दोन ओळी मिळाल्यात. एक त्यांचं वाक्य आणि एक त्या आत गेल्या ते. त्या तिशीतल्या असतील. तुम्ही सप्ताहाला जाता, चार दिवस राहता, पुण्याला परत येता. त्यांना रोज पाण्याला, अंगणवाडीत, दुकानात त्या घरावरून जावं लागतं. तो सुटून आल्यावर त्याच्या दारावरूनही त्याच जाणार. ‘मी माहेरी जाते’ हे तुम्हाला धमकीसारखं ऐकू आलं असावं, पत्राचा सूर तसा आहे. मला त्यात वेगळं ऐकू येतं: या घरात माझं काय चालतं, ते एकदा कळू दे. त्यांना कुणी विचारलंय का की तुला त्याला काही विचारायचंय का? मागायचंय का? की नुसतं सांगितलंय, मामा जाणार आहेत म्हणून?

आपल्याकडं गुन्हा घडला की फिर्यादी सरकार होतं. खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा चालतो. ज्याचं माणूस गेलं तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, विचारलं तेवढंच बोलणारा. ही उणीव जगात पुष्कळांना जाणवली. कॅनडातल्या एल्मायरा गावात १९७४ मध्ये दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. टायर फाडले, काचा फोडल्या. मार्क यान्ट्झी नावाचा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा, मेनोनाइट पंथाचा होता. हा ख्रिस्ती पंथ अहिंसा मानणारा, शस्त्र न धरणारा. त्यानं न्यायाधीशांना सुचवलं की या पोरांना प्रत्येक दारात जाऊ द्या. पोरं गेली. दार वाजवायचं, ‘तुमची काच मी फोडली’ म्हणायचं, नुकसान किती ते ऐकायचं, नंतर पैसे भरायचे. यान्ट्झी आणि त्याचा सोबती मागं वही घेऊन उभे. तिथून जे निघालं त्याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात. मराठीत ‘पुनर्स्थापक न्याय’ असा अवजड शब्द आहे. मी ‘दारात जाणारा न्याय’ म्हणते. त्यातलं मुख्य कलम क्षमेचं नाहीच. नुकसान कुणाचं झालं, त्याला आता काय लागतं आणि ते भरून द्यायची जबाबदारी कुणाची, एवढेच प्रश्न. त्या घरांपैकी किती जणांनी मनातून क्षमा केली, हे कुणी मोजलं नसेल.

काच भरून देता येते, भाऊ भरून देता येत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. तरी एक सांगते.

एक बाई होत्या. मुलगा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला. उसन्या पैशांवरून एकानं त्याला रात्री वाटेत गाठून मारलं. सहा वर्षांनी बाई त्या माणसाला भेटायला तयार झाल्या. मी आणि माझी एक सोबतीण तीन महिने आधी त्यांच्याशी बोलत होतो, वेगळं त्याच्याशी बोलत होतो. भेट नेहमीच्या मुलाखतीच्या जागी नव्हती. तिथं मध्ये जाळी, कानाला फोन, शेजारी ओरडून बोलणारे दहाजण आणि घड्याळाकडं बघणारा शिपाई. अधिकाऱ्यांनी ऑफिसाशेजारची खोली दिली. बाई समोर बसल्या. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘डबा कुठाय?’

त्याला कळेना. मलाही कळेना. त्या दिवशी त्यांनी मेथीची भाजी दिली होती. स्टीलचा डबा, झाकणावर पोराचं नाव कोरलेलं. पंचनाम्यात सायकल होती, चपला होत्या, डबा नव्हता. सहा वर्षं या बाई त्या डब्यापाशी अडकल्या होत्या, की पोरगं जेवून निघालं होतं की उपाशी गेलं.

तो म्हणाला, ‘कालव्यात फेकला.’

‘भरलेला होता का?’

तो थांबला. मग म्हणाला, ‘हलका होता, मावशी.’

बाई उठल्या. बाहेर आल्यावर चहा मागितला, दोन कप प्यायल्या. त्यांनी क्षमा केली का, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. अशा भेटीतून इतकं मिळालं तरी पुष्कळ. आणि कधीकधी तेवढंही मिळत नाही. माणूस समोर बसून वकिलानं पढवलेलं बोलतो आणि घरचे पहिल्यापेक्षा जास्त जखमी होऊन परततात. तेही मी पाहिलंय.

म्हणून त्याच्या पत्राकडं पुन्हा बघा. ‘माझ्या हातून जे घडलं.’ मराठी यात फार मदत करते बघा. हातून घडतं, होऊन जातं, पाय घसरतो, डोकं फिरतं. सगळं करणारा कुणीतरी दुसराच. ‘मी मारलं’ हे दोन शब्द त्यात नाहीत. तुमच्या भावाचं नाव आहे का? तुम्ही पाठवलेल्या ओळींत तरी नाही. वहिनींचा, मुलाचा उल्लेख? आणि शेवटी ‘पदरात घ्यावं’, म्हणजे देण्याआधी मागणं. मी त्याला खोटा म्हणत नाही. सात वर्षं तुरुंगात राहिलेल्या, कदाचित कीर्तनकारांनी मजकूर सांगितलेल्या माणसाला याहून वेगळं लिहिता आलं नसेल. वर्गात मी कैद्यांना पत्र लिहायला शिकवायचे तेव्हा ‘मी’नं सुरू होणारं वाक्य लिहायलाच सगळ्यात जास्त दिवस लागायचे. पण हे पत्र अजून कच्चं आहे. बाबांनी एवढ्यावर गाडी पकडून निघायची घाई करू नये.

पत्र आत्ताच का आलं, हेही शांतपणे विचारा. दुसऱ्या कुणाला अशी अडचण असेल तर त्यांनीही हे आधी विचारावं. कैद्याला संचित रजा, म्हणजे फर्लो, किंवा अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल हवी असते तेव्हा गावच्या पोलिसांकडून अहवाल मागवला जातो, आणि ज्याचं माणूस गेलं त्या घरचं म्हणणं काय हा प्रश्न तिथं येऊ शकतो. अपील चालू असू शकतं. यात पाप काही नाही, रजा हा नियमातला भाग आहे आणि सात वर्षांत एकदा आईला भेटावंसं वाटणं माणसासारखं आहे. पण पत्र त्यासाठी असेल तर तसं उघड सांगावं, पसायदानाआडून येऊ नये. कोणत्याही ‘हरकत नाही’च्या कागदावर बाबांनी वहिनींना आणि वकिलांना न दाखवता सही करू नये. सरकारी वकिलांना विचारलं तर अपिलाचं कळेल.

बाबांना अडवू नका. त्यांना एवढंच सांगा: जायचं तर ‘मी’ म्हणून जा, ‘आम्ही’ म्हणून नको. ‘आमच्या घरानं तुला माफ केलं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं की वहिनींचा घास त्यांनी परस्पर वाटून टाकला. जायच्या आधी त्यांनी सुनेपाशी बसावं. परवानगी मागायला नव्हे, कळवायला आणि ऐकायला. ‘पोरी, मी जाणार आहे, माझ्यापुरतं. तुझ्या वतीनं तिथं मी एक शब्द बोलणार नाही. तुला त्याला काही विचारायचं असेल तर मी घेऊन जातो, नसेल तर नाही.’ सासऱ्यानं सुनेशी असं बोलायची आपल्याकडं सवय नाही, मला ठाऊक आहे. वारीत मात्र तेच बाबा भेटेल त्याला माउली म्हणून पाया पडतात.

भेटीचं व्यवहारात असं: पीडिताच्या घरच्यांनी कैद्याला भेटायची बांधून दिलेली वाट आपल्याकडं नाही. कारागृह अधीक्षकांना लेखी अर्ज द्यावा लागतो, कैद्याची तयारी लागते, आणि अधीक्षक नाहीही म्हणू शकतात. मध्ये एक माणूस हवाच, दोन्ही बाजूंशी आधी वेगवेगळं बोलणारा. ते कीर्तनकार त्याला चालणार नाहीत, कारण ते त्याच्या बाजूनं पत्र घेऊन आलेत. कैद्यांसोबत काम करणारे समाजकार्यकर्ते असतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हे काम करतो. अशा कुणाला तरी विचारा. पहिल्याच दमात समोरासमोर बसू नका. आधी प्रश्न पाठवा, लेखी उत्तर येऊ द्या. त्या उत्तरात ‘मी’ आहे का बघा. फोटो नको. आणि मधूनच उठून यायची मुभा असावी, म्हातारं माणूस आहे.

तुम्ही सोबत जाऊ की नको? तुमची लाही होतेय तोवर नको. बाबांना गाडीपर्यंत सोडा, परत आल्यावर जेवायला वाढा. तेवढी सोबत पुरे.

सप्ताहाच्या मंडळींना मात्र स्पष्ट ‘नाही’ कळवा, आणि ते तुम्ही कळवा, वहिनींवर ढकलू नका. काल्याला दही-लाह्या वाटतात, माणसांची दुःखं वाटायची ती जागा नव्हे. हजार माणसं बघत असताना एका विधवेला वाकायला सांगणं याला भक्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडं २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. चांगलं कामही झालं, पण ‘गाव तंटामुक्त दिसलं पाहिजे’ या हौसेनं दुबळ्या बाजूला गप्प बसवण्याचे प्रकारही मी पाहिले. तुमची दोन्ही घरं भावकीतली, साधारण एका वजनाची दिसतात. जिथं मारणारा वरच्या जातीचा आणि मरणारा खालच्या ठरवलेल्या जातीचा असतो, किंवा नवऱ्यानं बायकोला मारलेलं असतं, तिथं ‘देवाच्या नावानं मिटवा’ म्हणणाऱ्यांपासून चार हात लांबच राहावं.

आता तो मुलगा. त्याचं काय होतं याच्याशी तुम्हाला मतलब असायला हवा, कारण तो चंद्रावर जाणार नाही, तुमच्या बांधाशेजारी येणार आहे. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ४ लाख ३६ हजारांच्या जागेत ५ लाख ७३ हजार माणसं कोंबलेली होती आणि त्यातले चारात तीन कच्चे कैदी, म्हणजे निकालही न लागलेले. अशा गर्दीत वाकडेपणा सांडेल कसा? आणि तरी आपल्याच मातीत वेगळं करून दाखवलेलं आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, तुमच्या माहेराहून फार लांब नाही. १९३९ मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या इंजिनिअरच्या सांगण्यावरून खुनाच्या कैद्यांनासुद्धा बिनभिंतीच्या वसाहतीत आणलं. शेती करा, बायकामुलं आणा, राहा. ती खुली वसाहत आजही चालू आहे. बाबांना एकदा दाखवून आणा. वाकडेपणा सांडायला काय लागतं ते तिथं डोळ्यांनी दिसतं: जमीन, काम, घरची माणसं, आणि विश्वास टाकणारा कुणीतरी.

जमिनीवरून आठवलं. तुमच्या चार पानी पत्रात एक गोष्ट नाही. बांधाची मोजणी झाली का? ज्या वीतभर मातीवरून माणूस गेला, ती अजून तशीच वादात असेल तर तो सुटून येईल तो त्याच बांधावर. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, दोन्ही घरांना नोटीस जाऊ द्या, खुणा रोवून घ्या. तो यायच्या आधी हे झालं पाहिजे. त्याच्या घरच्यांना खरंच काही भरून द्यायचं असेल तर मोजणीच्या दिवशी गुमान उभं राहून खुणा मान्य करणं इथून त्यांनी सुरुवात करावी. पाया पडण्यापेक्षा वहिनींना त्याचा उपयोग जास्त.

वहिनींसाठी आणखी एक. निकालात दंड आणि त्यातून नुकसानभरपाई द्यायचा आदेश आहे का, असेल तर ती मिळाली का, हे निकालाची प्रत काढून बघा. शिवाय पीडितांसाठी राज्याची नुकसानभरपाई योजना आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं असते. वर्षं उलटली असली तरी जाऊन विचारा, सल्ल्याला तिथं पैसे पडत नाहीत. आणि भाच्याला सांगा. चौथीतल्या पोराला सगळं माहीत असतं, फक्त घरच्यांकडून कळलेलं नसतं. तो माणूस गावात परत आल्यावर रस्त्यात दिसला तर काय करायचं, हे त्याला आईकडून कळू दे, शाळेतल्या पोरांकडून नको. मधल्या माणसाकरवी त्या घराला एवढं कळवता येईल की पहिलं वर्षभर त्यानं अंगणवाडीच्या आणि शाळेच्या वाटेनं येऊ-जाऊ नये. हे मागणं वहिनींनी ठरवायचं. त्या म्हणाल्या ‘मला काही नको’, तर तेही ठीक.

हे सगळं एकदम होणार नाही. वारीला अजून वेळ आहे आणि बाबांची भेट वारीनंतर झाली म्हणून विठ्ठल रागावणार नाही.

पण एक काम आजच करा. पुण्याहून फोन लावा आणि बाबांना सांगा, ते पत्र देव्हाऱ्यातून काढा. ट्रंकेत ठेवा, पोथीत ठेवा, तुमच्या बंडीच्या खिशात ठेवा. तिन्हीसांजेला तिथं दिवा वहिनी लावतात.